आईवडिलांकडे कागद नाहीत, मुलं अमेरिकन नागरिक : लॅटिनो घरांतली मोठी मुलं काय काय पेलतात?

रारिटनकाठ

अमेरिकेतल्या ‘बेकायदा’ लोकांबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक सीमा, भिंत आणि निवडणूक याच अंगाने. त्यांची इथेच जन्मलेली आणि आता पंचविशी-तिशीत असलेली मुलं आईवडिलांसाठी रोज काय करतात, यावर मराठीत काही वाचलेलं मला आठवत नाही. म्हणून हा धागा.

मी मध्य न्यू जर्सीत राहते. एडिसन, पिस्कॅटवेमध्ये पावलोपावली मराठी कानावर पडतं. तिथून गाडीने थोड्याच अंतरावर न्यू ब्रन्सविक आहे आणि तिथे मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. फ्रेंच स्ट्रीटवर त्यांची दुकानं, बेकऱ्या, पैसे पाठवायची काउंटरं. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण तिथली. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील गाळलेत.) तिचे आईवडील १९९८ साली ॲरिझोनाच्या वाळवंटातून चालत आले. वडील रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतात, आई घरं साफ करते. ही २००० साली इथे जन्मली, घरात सगळ्यात मोठी. पाठचे दोन भाऊ, त्यातला धाकटा अजून शाळेत आहे.

घराचा भाडेकरार तिच्या नावावर. गाडी, गाडीचा विमा, सगळ्यांचे फोन तिच्या नावावर. वडिलांचा टॅक्स ती भरते. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-टॅक्ससाठी लागणारा सरकारी क्रमांक) नाही, पण आयआरएस, म्हणजे इथलं करखातं, १९९६ पासून अशा लोकांना टॅक्स भरण्यापुरता वेगळा नंबर देतं, त्यावर दरवर्षी रिटर्न जातं. आईला मधुमेह आहे, तिच्या प्रत्येक अपॉइंटमेंटला ही अर्धी रजा टाकते. न्यू जर्सीत कागद नसलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळायला लागलं मे २०२१ पासून. त्याआधी हिला स्वतःचं लायसन्स मिळाल्या मिळाल्या ती शाळेच्या आधी वडिलांना कामावर सोडून यायची.

तिच्याकडे एक निळी, कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची फाइल आहे. प्रत्येक वर्षाला एक कप्पा. त्यात भाड्याच्या पावत्या, टॅक्सचे कागद, मुलांची लसीकरणाची कार्डं, शाळेच्या पालकसभेत आईने सही केलेला कागद, चर्चमधल्या बाप्तिस्म्याचा दाखला. ‘आम्ही इथेच होतो’ हे कधीतरी कुणापुढे तरी सिद्ध करावं लागेल, म्हणून आईने जमवायला सुरुवात केली आणि बाराव्या-तेराव्या वर्षी ती फाइल हिच्याकडे आली. वडील कामावर पोचले की ‘या येगे’ असा मेसेज टाकतात, पोचलो म्हणून. तो आला नाही तर मीटिंगमध्ये बसलेली ही मुलगी टेबलाखाली फोन धरून लोकेशन बघत राहते. २०२५ पासून हे फार वाढलंय.

माझा समज होता की मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळवून देतं. तिला तसं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘सगळ्यांना असंच वाटतं.’ जाणकारांनी लिहावं ही विनंती.

दख्खनचा_वारा

पुण्याहून वाचतोय, अमेरिकेतल्या कायद्याचा गंध नाही. पण आमच्याकडेही हेच ऐकलंय की मूल अमेरिकेत जन्माला घातलं की आईबापांचं काम झालं. मग अडतं कुठे?

कागदोपत्री

मी एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात फायली तयार करायचं काम करतो. वकील नाही, त्यामुळे इथे वाचून कुणी स्वतःचा अर्ज भरू नये.

२१ वर्षांचं नागरिक मूल आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं हे खरं. आईवडील ‘इमिजिएट रिलेटिव्ह’मध्ये मोडतात, त्यांना वार्षिक कोटाही नाही. पण ग्रीन कार्ड अमेरिकेतच बसून घ्यायचं तर देशात येताना अधिकाऱ्यासमोरून आलेलं असावं लागतं. जे व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले, त्यांचं काम मूल २१ चं झाल्यावर बहुधा होऊन जातं. जे वाळवंटातून किंवा नदीतून आले त्यांना ग्रीन कार्डसाठी देशाबाहेर, आपल्या देशातल्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं. आणि बाहेर पाऊल टाकलं की १९९६ चा कायदा लागतो. एक वर्ष किंवा जास्त बेकायदा राहिला असाल तर परत यायला १० वर्षं बंदी. म्हणजे कागद घ्यायला गेलेली आई दहा वर्षं तिकडेच.

या बंदीतून माफी मागता येते. त्यासाठी जवळच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नातेवाइकाचे अतोनात हाल होतील हे दाखवावं लागतं. ते नातेवाईक कोण? नवरा-बायको किंवा आईवडील. मुलं त्यात नाहीत. मुलाचे कितीही हाल झाले तरी या माफीसाठी ते थेट मोजलेच जात नाहीत.

दुसरा रस्ता हद्दपारीच्या न्यायालयातला, ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’, म्हणजे हद्दपारी रद्द करून घेणं. सलग १० वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे, आईवडिलांचे किंवा मुलाचे असाधारण हाल. इथे मूल चालतं, पण ‘मूल’ म्हणजे २१ च्या आतलं, अविवाहित, आणि तेही निकालाच्या वेळी. वर्षाला अशा ४,००० च मंजुऱ्या देता येतात, त्यामुळे खटला रेंगाळतो आणि रेंगाळताना मूल मोठं होतं. रारिटनकाठ यांच्या मैत्रिणीच्या घरात या खटल्यासाठी उपयोगी पडणारं माणूस म्हणजे शाळेतला धाकटा भाऊ. जी पोर सगळं घर ओढतेय ती या हिशेबातून एकविसाव्या वाढदिवसालाच बाद झाली. अर्ज करायचा हक्क तिला मिळाला त्याच दिवशी तिचे हाल मोजणं बंद झालं. हे वाक्य मी ऑफिसात कितीतरी पोरांना समजावून सांगितलंय आणि प्रत्येक वेळी समोरचा चेहरा बघवत नाही.

तिसरं एक दार आहे, जुनं. ३० एप्रिल २००१ पर्यंत कुणीही, म्हणजे मामा, काका, मालक, आईसाठी किंवा वडिलांसाठी अर्ज भरलेला असेल, तर कलम २४५(आय) खाली १,००० डॉलर दंड भरून इथेच ग्रीन कार्ड घेता येतं, वाळवंटातून आलेल्यांनाही. अर्ज १४ जानेवारी १९९८ नंतरचा असेल तर २१ डिसेंबर २००० रोजी तुम्ही अमेरिकेत होतात हे दाखवावं लागतं. पुष्कळ कुटुंबांना असा अर्ज झाल्याचं आठवतच नाही. १९८६ च्या रेगनच्या काळातल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. त्यातले अनेक पुढे नागरिक झाले आणि त्यांनी भावंडांचे अर्ज भरले. त्या अर्जाला वीस-पंचवीस वर्षं लागणार म्हणून सगळे विसरून गेले. आमच्याकडे नवीन घर आलं की पहिला प्रश्न हाच असतो : कुणी मामा आहे का?

आणि एक. काहीजण गाडीत मागे बसून आलेले असतात, नाक्यावरच्या अधिकाऱ्याने गाडीत डोकावून नुसता हात हलवून जाऊ दिलेलं असतं. २०१० च्या एका निवाड्यानुसार तेही अधिकाऱ्यासमोरून येणंच. सिद्ध करणं कठीण, पण अशक्य नाही. म्हणून आईवडिलांना ‘कसे आलात’ हे बारकाईने विचारायचं. कित्येक घरांत ही गोष्ट मुलांना कधी सांगितलेलीच नसते.

रांगेतला

सगळं वाचलं. वाईट वाटतं. पण मनात आहे ते लिहितो. ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख २०१३ ची. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नियम पाळत, नोकरी गेली तर ६० दिवसांत देश सोडायचा या धास्तीत आम्ही दिवस काढतोय. मुलगी माझ्यावर अवलंबून म्हणून एच-४ व्हिसावर आहे, २१ ची झाली की तिचा दर्जा जाणार. आमच्यासाठी कुणाचे डोळे ओले होत नाहीत. कायदा पाळून रांगेत उभं राहणाऱ्याला काय उत्तर आहे?

रारिटनकाठ

रांगेतला, तुमचं दुःख खरं आहे आणि ते इथे लिहिलंत हे चांगलं केलंत. माझ्या चुलतभावाच्या घरी तेच चाललंय.

पण मैत्रिणीच्या वडिलांसाठी रांग कुठे होती? किचनमध्ये भांडी घासणाऱ्याला, शेतात स्ट्रॉबेरी खुडणाऱ्याला कायमचं येण्यासाठी जी वर्गवारी आहे तिला अख्ख्या जगासाठी वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा आहेत आणि त्यासाठी इथला मालक पुढे यावा लागतो. पूर्वी असं नव्हतं. १९४२ ते १९६४ ब्रासेरो नावाची योजना होती, तिच्याखाली मेक्सिकोतून मजूर रीतसर करारावर येत, हंगाम संपला की परत जात. ती योजना बंद झाली आणि १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातल्या देशांवर पहिल्यांदा संख्येची मर्यादा आली. शेतं तीच, कामं तीच, माणसंही तीच राहिली, फक्त त्यांना आता बेकायदा म्हणायला लागले.

आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत ही जी देशवार मर्यादा तुम्हाला अडवते तीच मेक्सिकोच्या कुटुंबांनाही अडवते. तुमच्या मुलीचंही बघा. २०१२ साली आलेल्या डाका योजनेत लहानपणी आलेल्या, कागद नसलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांचं वर्क परमिट मिळालं. १५ जून २०१२ ला ज्यांच्याकडे कायदेशीर दर्जा होता त्यांना ते नाही, म्हणजे एच-४ ची मुलं बाहेर. तुम्हाला राग येतो तो रास्त आहे, पण तो माझ्या मैत्रिणीच्या वडिलांवर काढायचा नाही असं मला मनापासून वाटतं. त्यांनी तुमची जागा घेतलेली नाही.

अबोली

शिकागोत एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये समाजसेविका आहे. आमचे बहुतेक रुग्ण लिटल व्हिलेज आणि पिल्सन भागातले. मला म्हातारपणाबद्दल लिहायचंय, कारण १९९० च्या दशकात विशी-तिशीत आलेली ही माणसं आता पन्नाशी-साठीत आलीयेत, गुडघे-कंबर गेलीये, आणि त्यांना निवृत्ती नाही.

यातले कितीतरी जण पगारी नोकरीत असतात, पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनची वर्गणी, कापली जाते, पण त्यातला एक डॉलर त्यांना कधी मिळणार नाही. आयटेप या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली कागद नसलेल्या लोकांनी एकूण ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, त्यातले २५.७ अब्ज सोशल सिक्युरिटीचे होते. पेन्शन नाही, मेडिकेअर हा म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा नाही. त्यांची पेन्शन म्हणजे मुलं. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मुलाला न्यूयॉर्कला नोकरी लागली तरी तो जात नाही. मुलगी लग्नाच्या आधीच होणाऱ्या नवऱ्याला सांगून टाकते की माझे आईवडील आपल्याबरोबर राहतील. दोन मजली घर भावंडं मिळून घेतात, वर एक, खाली एक, मधल्या खोलीत आईवडील.

इलिनॉय राज्याने २०२० च्या अखेरीस ६५ च्या पुढच्यांसाठी, कागद असोत नसोत, आरोग्य योजना सुरू केली. नंतर ४२ ते ६४ वयाच्यांनाही घेतलं. ही दुसरी योजना १ जुलै २०२५ ला बंद झाली. त्या उन्हाळ्यात आमच्या क्लिनिकमध्ये मुलंच येत होती. आईवडील नाहीत, मुलं. हातात औषधांच्या बाटल्यांची पिशवी, आणि एकच प्रश्न : यातलं कुठलं थांबवलं तर चालेल? इन्शुलिनची बाटली बाजूला काढून ठेवणारा एक पोरगा मला अजून दिसतो. ‘हे नाही थांबवायचं ना?’ असं म्हणून त्याने ती स्वतःच परत माझ्याकडे सरकवली.

जीव धोक्यात असेल तर इमर्जन्सी रूमला १९८६ च्या कायद्याने तपासावंच लागतं आणि प्रकृती स्थिर करावीच लागते. पण तपासणी, स्थिर करणं, आणि बिल हातात ठेवून घरी पाठवणं, एवढंच. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्याला तीनदा डायलिसिस लागतं, ते मिळेल का हे तो कुठल्या राज्यात राहतो त्यावर ठरतं.

दुभाष्याचंही सांगते. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषी फुकट द्यावा लागतो, तरी मुलांनाच पुढे केलं जातं. आठव्या वर्षापासून शाळेची, बँकेची, डॉक्टरची भाषांतरं करत आलेली ही मुलं. त्यातल्या एकीला आईचा कॅन्सर आईलाच समजावून सांगावा लागला. मी खोलीत होते. तिने डॉक्टरांचं वाक्य ऐकलं, आणि आईला निम्मंच सांगितलं. उरलेलं तिने स्वतःकडे ठेवलं. आता कुठल्याही दवाखान्यात मी सगळ्यात आधी दुभाषी मागते, आणि मुलीला सांगते की तू आज फक्त मुलगी म्हणून बस.

सप्तर्षी

लॉस एंजेलिसमध्ये हायस्कूलला शिकवते. अबोली, तुमची पोस्ट वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

जून २०२५ चे दिवस आम्ही इथे पाहिले. कार वॉश, रोजंदारीवर माणसं उभी राहतात त्या पार्किंगच्या जागा, कपडे शिवायचे कारखाने. त्याआधी जानेवारीत शाळा, चर्च, दवाखाने इथे धाड न घालण्याचं जुनं धोरणही रद्द झालं होतं. त्या उन्हाळ्यात माझे जुने विद्यार्थी, आता बावीस-चोवीसचे, आईवडिलांच्या जागी कामाला उभे राहिले. फळांची गाडी लावणाऱ्या आईच्या जागी कॉलेजातला मुलगा. आंबा, काकडी, कलिंगड कापून वर लिंबू आणि तिखट घालायचं, तेच काम, पण खिशात स्वतःचा अमेरिकन पासपोर्ट. नागरिक असून पासपोर्ट घेऊन फिरायचं, कारण चेहरा बघूनच अडवतील याची खात्री. किराणा मुलं आणतात, धाकट्यांना शाळेत मुलं सोडतात, कपडे धुवायला लाँड्रोमॅटला मुलं जातात. आई आठवडे आठवडे घरात.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. दरवर्षी बारावीतल्या दोन-चार मुलांशी माझं एक बोलणं होतं, ‘मी मरीन्समध्ये जातोय, आईसाठी.’ मूल सैन्यात असेल तर आईवडिलांना ‘पॅरोल इन प्लेस’, म्हणजे देशाबाहेर न जाता इथेच राहण्याची रीतसर परवानगी, मागता येतो. २०१३ पासून त्याची रीतसर पद्धत आहे. तो मिळाला तर बेकायदा येण्याचा अडसर दूर होतो आणि कागदोपत्री यांनी लिहिलेला २१ वर्षांनंतरचा अर्ज इथे बसून करता येतो. अठरा वर्षांचं पोरगं हिशेब करतं : चार वर्षांचा करार, मध्ये मी २१ चा होईन, आईचे कागद होतील. मी त्याला अडवत नाही. मात्र भरती करणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, आधी वकिलाकडे आईची फाइल दाखव, एवढं सांगते. आईच्या नावावर जुना हद्दपारीचा आदेश असेल तर गणित बदलतं आणि ते सही केल्यावर कळून उपयोग नाही.

नीरा

मला कायद्यातलं कळत नाही. एक सांगावंसं वाटलं.

बाबा साताऱ्यात वारले तेव्हा मी मिळेल त्या विमानाने निघाले आणि तिसऱ्या दिवसाच्या विधींना पोचले. माझ्या मुलाला सांभाळणाऱ्या बाई मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातल्या. त्यांची आई गेली तेव्हा त्यांनी ती आमच्या स्वयंपाकघरात, फोनवर पाहिली. वीसहून जास्त वर्षं त्यांनी आईला भेटलं नव्हतं. गेल्या असत्या तर परत येता आलं नसतं, आणि इथे त्यांची तीन मुलं.

त्यांच्या जागी त्यांची मोठी मुलगी गेली. इथे जन्मलेली, नर्सिंग शिकलेली, त्या गावात आधी फक्त सुट्टीत गेलेली. पण नऊ दिवसांच्या प्रार्थना तिने आईच्या वतीने केल्या, मामा-मावश्यांमध्ये आईची म्हणून बसली, आजीच्या घराच्या वाटणीच्या कागदांवर आईच्या मुखत्यारपत्राने सही केली. ती आधीही जायची. दरवेळी आई तिच्याबरोबर आजीसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम, मऊ तळव्याचे बूट द्यायची. बुटाचं माप विचारून घ्यायला फोन व्हायचा, कारण इतक्या वर्षांत आजीचे पाय सुजून मोठे झाले होते आणि तिच्या लेकीला, म्हणजे या बाईंना, ते माहीत नव्हतं.

आपण मुलांना इथून तिकडे आजीआजोबांकडे नेतो. तिथे मुलगी आईच्या वतीने जाते. हा फरक मला फार आत लागला.

दख्खनचा_वारा

नीरा, सप्तर्षी, अबोली, आभार. मी विचारलेला प्रश्न किती वरवरचा होता ते कळतंय. अजून एक विचारतो. पकडलं गेलं तर? ही मुलं काही तयारी करून ठेवतात का?

अवांतर : ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला जे लष्करी विमान उतरलं, हातापायांत बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन, त्यात महाराष्ट्रातलेही तिघं होते. तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे गप्प झाले होते.

कागदोपत्री

हो, करतात, आणि ही तयारी बहुतेक मोठी मुलगीच करते. का ते मला सांगता येणार नाही, पण आमच्याकडे येणाऱ्यांत तीच असते.

सगळ्यात आधी धाकट्यांचं. आईवडील दोघंही गेले तर शाळेतून कोण आणेल, डॉक्टरकडे सही कोण करेल, याचं अधिकारपत्र. प्रत्येक राज्याचा नमुना वेगळा. मग बँकेचं आणि घराचं मुखत्यारपत्र. धाकट्या भावंडांचे अमेरिकन पासपोर्ट, आणि वकिलातीत नोंदवून मेक्सिकोचं नागरिकत्वही, म्हणजे आईला पाठवलंच तर मुलाला तिथे शाळेत घालता येईल. आईवडिलांचा त्यांच्या देशाचा पासपोर्ट चालू ठेवायचा. वकिलाचा नंबर पाठ करून घ्यायचा, कारण फोन काढून घेतात.

दाराशी कुणी आलं तर दार उघडायचं नाही, कागद दाराखालून सरकवायला सांगायचं आणि त्यावर न्यायाधीशाची सही आहे का बघायचं. आइसचे, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या सरकारी खात्याचे, अधिकारी जे वॉरंट दाखवतात ते पुष्कळदा त्यांच्याच खात्याचं असतं आणि त्याने घरात शिरायचा हक्क मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटरने हे हक्क छापलेली लाल कार्डं काढलीयेत, ती लोक पाकिटात ठेवतात. काही झालं तरी इंग्रजीतल्या कागदावर न वाचता सही करायची नाही, तो स्वतःहून देश सोडण्याचा असू शकतो.

पकडल्यावर पहिले काही तास शोधण्यातच जातात. आइसच्या वेबसाइटवर ‘ए’ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून किंवा नाव आणि जन्मदेशावरून शोधता येतं. न्यूअर्कला मे २०२५ मध्ये हजार खाटांचं डेलनी हॉल हे आइसचं बंदीगृह पुन्हा सुरू झालं, पण माणूस तिथेच राहील याचा भरवसा नाही, लुइझियाना किंवा टेक्ससला हलवतात. आणि इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. तो मुलांनीच उभा करायचा. सप्टेंबर २०२५ च्या एका निवाड्याने सीमा चोरून आलेल्यांना जामिनाची सुनावणी मिळणंही अवघड झालं. त्यावर फेडरल न्यायालयांत ठिकठिकाणी झगडा चालू आहे.

फसवणुकीबद्दलही सांगतो. मेक्सिकोत नोटरी हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो. इथे कुणीही छोटी परीक्षा देऊन शिक्का मिळवतो आणि ‘नोतारियो’ अशी पाटी लावून या लोकांचे हजारो डॉलर घेतो. चुकीचा अर्ज टाकून माणसाला उलट सरकारच्या नजरेत आणून सोडतो. २०२५ पासून नाकारलेला अर्ज थेट हद्दपारीच्या न्यायालयात पाठवण्याचं धोरण आणखी कडक झालंय, त्यामुळे ‘टाकून तर बघू’ हे आता चालत नाही.

आणि शेजाऱ्यांना काय करता येईल म्हणाल तर, ‘आम्ही यांना अमुक सालापासून ओळखतो, अमुक ठिकाणी राहत होते’ असं प्रतिज्ञापत्र. खरं असेल तेच, तारखांसकट. इंग्रजी येणाऱ्या, स्थिर नोकरी असलेल्या नागरिक शेजाऱ्याच्या कागदाला वजन असतं. कोर्टाच्या तारखेला बरोबर जाऊन बसणं हेही मोठं काम आहे.

रांगेतला

मी न्यूअर्कच्या जवळच राहतो. प्रतिज्ञापत्र देण्याइतकी कुणाशी ओळख नाही आणि अजून नागरिकही नाही. पण तारखेला गाडीने नेणं-आणणं जमेल. रारिटनकाठ, तुमच्या मैत्रिणीला किंवा तिच्या ओळखीत कुणाला लागलं तर निरोप द्या. मनातली पहिली तक्रार अजून आहे, ती वेगळी ठेवतो.

रारिटनकाठ

रांगेतला, निरोप पाठवलाय. तिने तुमचे आभार मानलेत.

कागदोपत्री, तुमचा ‘कुणी मामा आहे का’ हा प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला. तिने आईला विचारलं. आईचा थोरला भाऊ कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ आहे, द्राक्षांच्या मळ्यात होता, १९८६ च्या कायद्याने कायदेशीर झाला आणि पुढे नागरिक. आई म्हणाली, त्याने एकदा कुठल्याशा कागदांवर सही मागितली होती, मोठी मुलगी तेव्हा रांगायला लागली होती. म्हणजे २००१ च्या सुरुवातीचं असेल. मामा म्हणतो, चर्चमधल्या लोकांनी भरून दिला होता, मुदत संपत आली म्हणून खूप रांग होती. पावती कुठे आहे त्याला आठवत नाही, घर दोनदा बदललं. आई १९९८ नंतर देशाबाहेर पाऊल टाकून गेलेली नाही.

आणि त्या निळ्या फाइलीत २००० सालच्या कप्प्यात मैत्रिणीचं स्वतःचं लसीकरणाचं कार्ड सापडलं. डिसेंबरमधली नोंद आहे, पालक म्हणून आईची सही आहे. तारीख २१ नाही, १९ आहे. चालेल का? आणि पावती नसेल तर सगळं संपतं का?

कागदोपत्री

पावती नसली म्हणून संपत नाही. अर्ज पोचला होता तर यूएससीआयएसकडे, म्हणजे असे अर्ज घेणाऱ्या इमिग्रेशन खात्याकडे, नोंद असणार, ती माहिती अधिकाराखाली मागवता येते. मामांनी त्यांच्या नावाने वेगळा अर्ज करावा, कारण मूळ अर्ज त्यांचा. आईच्या नावाचा वकिलामार्फत करा, पत्ता वकिलाच्या ऑफिसचा द्या. दोन आडनावांचे सगळे प्रकार लिहा, कारण २००१ साली टाइप करणाऱ्याने आईचं आडनाव मधलं नाव म्हणून घातलेलं असू शकतं, तसं आम्ही नेहमी बघतो.

१९ डिसेंबरची नोंद एकटी पुरत नाही, पण २१ च्या दोन दिवस आधी आई न्यू जर्सीत होती हे ती दाखवते. आता २१ नंतरचं जवळचं काहीतरी शोधा. बाळाची पुढची तपासणी, जानेवारीचं भाडं, नाताळात चर्चमध्ये काही नोंद, पैसे पाठवल्याची पावती. दोन्ही बाजूंनी तारखा जुळल्या तर वकील त्याची मांडणी करू शकतो. मामांचा अर्ज ३० एप्रिल २००१ च्या आत पोचलेला आणि तेव्हा मंजूर होण्यासारखा असला पाहिजे. त्यासाठी ते दोघं सख्खी भावंडं असल्याचे दोघांचे जन्मदाखले लागतील, वाहाकाहून नवीन प्रती आत्ताच मागवायला घ्या. आईवडिलांचं लग्न त्या अर्जाच्या आधी झालेलं असेल तर वडीलही त्यातच येतात, म्हणून लग्नाचा दाखलाही काढा. आणि हे सगळं हातात येईपर्यंत मैत्रिणीने स्वतःचा अर्ज टाकायचा नाही.